लांडग्यांच्या विणीचा हंगाम: मेंढपाळ आणि माळरानालगतच्या शेतकऱ्यांसाठी सल्ला

सोलापूर, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग येथील माळरानांवर हिवाळा हा लांडग्यांच्या विणीचा काळ असतो. पावसाळा सरताना जोडी जमते आणि सुमारे दोन महिन्यांनी, बहुतेक डिसेंबर-जानेवारीत, मादी चार-पाच पिल्ले देते. याच दिवसांत वाड्यांवर (मेंढपाळांच्या तळांवर) कोकरे-करडे असतात आणि ज्वारी-हरभऱ्याच्या रानांत मेंढ्या बसवलेल्या असतात. त्यामुळे पुढील तीन-चार महिने वाड्यावरची राखण अधिक काटेकोर असणे आवश्यक आहे.

नुकसान नेमके केव्हा वाढते, हे पिल्लांच्या वाढीवरून समजते. पहिले तीन आठवडे पिल्ले केवळ दुधावर असतात, मादी बिळाजवळच थांबते आणि नर तिच्यासाठी शिकार आणतो. त्यानंतर पिल्ले मांस खाऊ लागतात. मोठी जनावरे पोटात भरून आणलेले मांस बिळापाशी ओकून त्यांना भरवतात, आणि टोळीतील मागील वर्षाची तरुण पिल्लेही या कामी मदत करतात. म्हणजे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत टोळीची भूक वाढत जाते. माळावर काळवीट, चिंकारा आणि ससे पुरेसे नसतील, तर ती भूक कोकरांवर येते.

कळप रात्री उघड्यावर बसवू नये. वाघर (कळपाभोवतीचे जाळ्याचे कुंपण) चांगली ताणून, खालची कड मातीत दाबून किंवा दगडांनी दडपून घ्यावी, कारण लांडगा बहुधा खालची ढिली जागाच शोधतो. लहान कोकरे वाघरीच्या आतही डालग्याखाली ठेवावीत. कळप ओढ्याच्या काठापासून, वेड्या बाभळीच्या झुडपांपासून आणि उभ्या ज्वारीपासून शक्य तितका दूर बसवावा. लांडगा आडोशाने जवळ येतो आणि त्याची मुख्य हालचाल संध्याकाळ, रात्र व पहाटे असते, म्हणून पहाटेच्या झोपेच्या वेळी एक जण तरी जागा असावा. रात्रभर एकाच जागी जळणाऱ्या दिव्याला तो लवकरच सरावतो. त्यापेक्षा अधूनमधून फिरवलेली विजेरी आणि दोन-तीन राखणीची कुत्री अधिक उपयोगी पडतात.

मेलेली जनावरे आणि पोल्ट्रीतील मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकण्याची सवय मात्र या सर्व खबरदारीवर पाणी फिरवते. अशा ढिगावर भटकी कुत्री आणि लांडगे एकत्र येतात, कुत्र्यांचे रेबीज व डिस्टेंपर हे रोग लांडग्यांत जातात, आणि पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे २०२३ साली जनुकीय तपासणीतून सिद्धही झाले आहे. मृत जनावर खोल खड्ड्यात पुरावे आणि वाड्यावरील प्रत्येक कुत्र्याला दोन्ही रोगांची लस वेळेवर टोचावी.

लांडग्याचे बीळ बहुधा ओढ्याच्या कडेच्या मऊ मातीत, जुन्या बांधात किंवा खोकडाच्या बिळाला मोठे करून केलेले असते. ते आढळल्यास धूर करणे, दगड लावून बुजवणे किंवा पिल्ले घरी आणणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. लांडगा पहिल्या अनुसूचीत येत असल्याने त्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. मेलेल्या मेंढीत विष घालणेही असाच गुन्हा असून त्यात स्वतःचीच कुत्री आधी मरतात. बीळ सापडलेल्या बांधाचे सपाटीकरण दोन-अडीच महिने पुढे ढकलावे आणि वनरक्षकाला कळवावे. पिल्ले चालती झाली की टोळी ते बीळ आपणहून सोडते.

उत्तर प्रदेशातील बहराइचमध्ये २०२४ साली लांडग्यांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांच्या घटनांनंतर आपल्याकडेही भीती पसरली होती. परंतु महाराष्ट्रातील लांडगा सहसा माणसाला टाळतो. भर दिवसा वस्तीत शिरणारा, समोर दिसेल त्याला चावत सुटणारा लांडगा मात्र पिसाळलेला असण्याची शक्यता मोठी असते. त्याच्या वाटेला न जाता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी रुग्णालयात लस व रेबीजविरोधी सीरम घ्यावे; हळद, चुना किंवा मिरची लावू नये.

मेंढी मारली गेल्यास सरकारी भरपाईसाठी मृत जनावर जागेवरून हलवू नये आणि ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवावे. पंचनाम्यात मारणारे जनावर कोणते, हे महत्त्वाचे ठरते, कारण भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या जनावरांना ही भरपाई लागू होत नाही. लांडगा सहसा एखादे कोकरू उचलून पसार होतो. एकाच रात्री बऱ्याच मेंढ्यांचे मागचे पाय व कान फाडलेले आढळले आणि मांस फारसे खाल्लेले नसेल, तर कुत्र्यांचा संशय अधिक असतो. लांडग्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत; कुत्र्याचा ठसा मात्र लांडग्यासारखाच दिसत असल्याने केवळ त्यावर विसंबू नये. वनरक्षक येईपर्यंत ठशांवर पाटी किंवा घमेले पालथे घालून ठेवावे आणि जखमांची छायाचित्रे उजेडात, जवळून काढावीत.