सायडिंग टाकताय? आधी वायर ठरवा

मॉडेल रेल्वेची मुख्य लाईन नीट चालायला लागली की सायडिंगचे, म्हणजे मुख्य लाईनमधून फुटणाऱ्या बाजूच्या रुळांचे, वेध लागतात. मालगाडी बाजूला घ्यायची, पॅसेंजरला वाट द्यायची, शेडमध्ये इंजिनं रांगेत उभी करायची. या छंदातली खरी मजा इथे सुरू होते. माझा लेआउट एचओ स्केलचा, म्हणजे 1:87 प्रमाणाचा. दोन रुळांतलं अंतर 16.5 मिलीमीटर आणि कंट्रोलर साधा, 12 व्होल्ट डीसीचा. त्यावर एकेक सायडिंग वाढवत गेल्यावर माझं ठाम मत झालं आहे: सायडिंगला वीज कुठून मिळणार आणि ती कुठे तोडता येणार, हे रूळ चिकटवण्याआधी कागदावर ठरलेलं असावं. नंतर ठरवायचं म्हटलं तर बसवलेला ट्रॅक उखडावा लागतो.

सुरुवात पॉइंटपासून, म्हणजे गाडीला एका लाईनवरून दुसरीवर वळवणाऱ्या सांध्यापासून करा, कारण कुठला पॉइंट घेतला आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पेकोच्या इन्सुलफ्रॉग पॉइंटमध्ये फ्रॉग, म्हणजे दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो भाग, प्लॅस्टिकचा असतो. ज्या बाजूला पॉइंट लावला, त्याच बाजूला वीज जाते. दुसरी बाजू आपोआप मृत होते. नवख्यांना हे सोयीचं वाटतं आणि एका आंधळ्या, म्हणजे दुसरं टोक बंद असलेल्या सायडिंगपुरतं ते चालतंही. पण लहान शंटिंग इंजिन त्या प्लॅस्टिकवर अडखळतं. इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये फ्रॉग धातूचा असल्यामुळे इंजिन अडखळत नाही, मात्र फ्रॉगची पोलॅरिटी (प्लस-मायनस) पॉइंटबरोबर बदलते. सायडिंगला वेगळा फीडर, म्हणजे वीज आणणारी वायर दिलीत आणि फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लॅस्टिकचे इन्सुलेटेड जॉइनर (रूळ जोडणारे पण वीज अडवणारे तुकडे) घातले नाहीत, तर पॉइंट फिरवताच शॉर्ट होणार. जॉइनर न घालता तिथे करवतीने फट पाडणार असाल, तर तिच्यात प्लॅस्टिकची चकती चिकटवा. पावसाळ्यात फुगलेला प्लायवुड कोरड्या हवेत आकसतो, रूळ जवळ सरकतात आणि मोकळी फट कधी मिटली ते कळतही नाही.

आता सायडिंग तोडायची कुठे? इथे खऱ्या रेल्वेकडे बघा. दोन लाईन जवळ येतात तिथे फाऊलिंग मार्क असतो. उभी गाडी त्याच्या आतच हवी, नाहीतर शेजारून जाणारी गाडी तिला घासेल. आपला इन्सुलेटेड जॉइनरही या खुणेच्या आत, सायडिंगच्या बाजूला घाला. डीसीवर एकच रूळ तोडला तरी पुरतं. तोडलेल्या भागाची वायर साध्या ऑन-ऑफ टॉगल स्विचमधून न्या. शेडमध्ये एकामागे एक इंजिनं ठेवायची असतील तर प्रत्येकासाठी वेगळा तुकडा आणि वेगळा स्विच लागतो. हा तुकडा इंजिनापेक्षा नक्की लांब हवा. इंजिनाची एका बाजूची चाकं आतून एकमेकांना जोडलेली असतात. पुढचं चाक मृत भागात आणि मागचं जिवंत भागात राहिलं, तर वीज मिळतच राहते आणि इंजिन थांबत नाही. डब्ल्यूडीएम-2 हे डिझेल इंजिन या प्रमाणात 20 सेंटीमीटरच्या आसपास भरतं, म्हणून मी 25 सेंटीमीटर धरतो. आयसीएफचा डबा साडेचोवीस सेंटीमीटर होतो. इंजिन आणि पाच डबे उभे करायचे तर फाऊलिंग मार्कच्या आत दीड मीटर सरळ जागा लागते. ती मोजूनच सायडिंग आखा.

फीडरच्या बाबतीत कंजुषी करू नका. रुळांचे धातूचे जॉइनर वीज वाहून नेतील यावर विसंबू नये. दमट हवेत ते हळूहळू काळवंडतात आणि गाडी त्या टोकाला मंदावते. निकेल सिल्व्हरचा रूळही तांब्याइतका चांगला वाहक नाही. त्यामुळे बोर्डाखालून घरगुती वायरिंगची 1.5 चौरस मिलीमीटरची लाल-काळी जोडी बस, म्हणजे मुख्य वायर म्हणून फिरवा आणि सायडिंगच्या प्रत्येक तुकड्याला 0.5 चौरस मिलीमीटरचे छोटे फीडर द्या. सोल्डरचा डाग नेहमी रुळाच्या बाहेरच्या अंगाला, चाकाची कड लागणार नाही तिथे. 25 वॉटची सोल्डरिंगची इस्त्री घेतली तर रूळ तापायला वेळ लागतो आणि तोवर स्लीपर वितळतात. 60 वॉटची घ्या, दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा आणि झटकन उचला. डाग नीट धरावा म्हणून लावायचा फ्लक्स रोझिनचाच, अॅसिडचा नको, तो पुढे रूळ आणि वायर दोन्ही खातो.

कुठला रूळ लाल आणि कुठला काळा, याचा गोंधळ वळणावर हमखास होतो. एका जुन्या डब्याच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला काळी चिकटपट्टी लावा आणि तो न उलटवता, हाताने ढकलत मुख्य लाईनवरून सायडिंगमध्ये न्या. पट्टीचा जो रंग ज्या रुळावर, त्याच रंगाची वायर तिथे.

डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतूनच वेगळा डिजिटल आदेश देणारी पद्धत वापरणाऱ्यांनी पॉइंटने वीज तुटू देऊ नये, उभ्या इंजिनाचा आवाज आणि दिवे बंद पडतात. सायडिंगला कायमचा फीडर द्या. तरीही स्विच ठेवा. शॉर्ट झाला की कुठल्या लाईनवर आहे ते शोधताना त्याचा फार उपयोग होतो.

प्रत्येक फीडर जोडला की लगेच मल्टिमीटर बझरवर लावून दोन रुळांत तपासा. आवाज आला तर शॉर्ट त्याच जोडणीत आहे. सगळे फीडर एकदम जोडून मग तपासलंत तर दोष शोधण्यात संध्याकाळ जाते. तपासताना रुळावर इंजिन किंवा दिवे असलेला डबा ठेवू नका, त्यांच्यामुळे मीटर फसवं दाखवतो. मग इंजिन सर्वात कमी वेगावर सायडिंगच्या टोकापर्यंत न्या आणि परत आणा, पॉइंट दोन्ही बाजूंना फिरवून. बोर्डाखाली प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी लावा आणि तेच क्रमांक आराखड्यावर लिहा. खडी आणि गोंद त्यानंतर. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ गोंद ब्रशने लावा, ड्रॉपरने नको. पात्याखाली उतरलेला थेंब वाळला की पॉइंट अर्धवट लागतो आणि वीजही तिथेच तुटते.