कोपऱ्यातल्या लिंटेलची सळई: काँक्रीट ओतण्याआधी एवढं बघा

दोन भिंतींचे लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी) कोपऱ्यात भेटतात तिथं बरेच गवंडी सळ्या नुसत्या एकमेकींवर टेकवून मोकळे होतात. मग पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्यात उभी चीर. खानापूरकडं चिऱ्याच्या भिंतीत ती लगेच डोळ्यांत भरते.

१. बाहेरच्या बाजूची सळई कोपऱ्यात तोडू नका, वळवून दुसऱ्या भिंतीत न्या. अखंड जमत नसेल तर एल आकाराचा तुकडा जोडा. १० मिमी सळईला प्रत्येक बाजूला २ फूट, १२ मिमीला सव्वादोन.

२. आतली सळई आतल्या कोपऱ्यावर वाकवायची नाही. ताण आला की ती सरळ व्हायला बघते आणि काँक्रीट उडवते. तिला सरळ पलीकडच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्या, तिथं वळवा. सेंट्रिंगवाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

३. कोपऱ्याजवळ रिंगा (सळ्यांना वेढणाऱ्या कड्या) जवळजवळ बांधा.

४. दोन्ही लिंटेल एकाच दिवशी ओता, कोपऱ्यात जोड नको.

मात्र कोपऱ्यातच खिडकी असेल, खाली खांब नसेल, तर वरचं विसरा. तिथं मुख्य सळई वरच्या बाजूला लागते, पीळही बसतो. इंजिनिअरच्या नकाशाशिवाय हात घालू नका.