ऑफिसचा तुंबलेला इनबॉक्स कसा मोकळा करायचा

"रोज सकाळी तासभर बसा आणि एकेक मेल वाचून डिलीट करा," हा सल्ला मनावर घेऊ नका. कुपवाड एमआयडीसीत खरेदीचं किंवा अकाउंट्सचं टेबल सांभाळणाऱ्याला सकाळचा तास मिळतच नाही. तेवढ्यात दारात मालाची गाडी लागते आणि आणखी वीस मेल येऊन पडतात.

जुना ढीग आधी एका झटक्यात बाजूला करा. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'इन:इनबॉक्स' टाइप करा, खाली 'एनी टाइम'मधून महिन्यापेक्षा जुने मेल निवडा. यादीच्या वरच्या चौकटीत टिक केली की फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात, म्हणून वर येणाऱ्या ओळीवर दाबून शोधातले सगळे निवडा आणि 'आर्काइव्ह' करा, म्हणजे ते इनबॉक्समधून हटतात पण खात्यात राहतात. डिलीट नको. डिलीट केलेला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो, आणि जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. आर्काइव्ह केलेला मेल पार्टीचं नाव टाकलं की सापडतो. त्यामुळे वीस-पंचवीस लेबलं करत बसू नका.

आता खरं अवघड काम. मेल उघडला, वाचला आणि 'बघू नंतर' म्हणून तसाच ठेवला, अशा मेलांनीच इनबॉक्स तुंबतो. जाहिरातींचा त्रास त्यामानानं किरकोळ. मलाही सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथंच. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा निघतो तेव्हा एका ढिगाचा भाव ठरल्यावरच मंडळी पुढच्या ढिगाकडं सरकतात. मेलचंही तसंच करा. उघडला की निकाल लावूनच बंद करायचा.

समजा बारदानवाल्याचा मेल आला, "बिल जोडलंय, पेमेंट कधी?" लगेच दोन शब्द लिहा: "माल उतरला, बिल नोंदलं, गुरुवारी आरटीजीएस करतो." मग तो मेल गुरुवारवर 'स्नूझ' करा. तो नजरेआड जातो आणि गुरुवारी आपोआप वर येतो. पेमेंट झालं की पुन्हा स्नूझ, या वेळी १४ तारखेवर. जीएसटीचं २बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांची यादी, त्या दिवशी तयार होते आणि बारदानवाल्यानं आपलं बिल भरलंय की नाही ते तिथं दिसतं. नसेल तर आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं, लगेच फोन लावा. दिसलं की मेल आर्काइव्ह.

पार्टी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल तर तारीख आणखी जपून टाका. लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. मुदत टळली आणि मार्च अखेरही उलटली, तर तो खर्च त्या वर्षाच्या आयकरात धरता येत नाही.

वाचलेला मेल पुन्हा 'अनरीड' करून ठेवायची सवय मात्र सोडाच. दोन दिवसांत तो नव्या मेलांत मिसळतो आणि मग खरोखर न वाचलेला कुठला तेच कळेनासं होतं. मेलला चांदणीची (स्टार) खूण लावूनही भागत नाही. चांदणीला तारीख नसते.

जाहिरातींसाठी फिल्टर लावा, अनसबस्क्राइब करा, पाच मिनिटांचं काम आहे. पण जीएसटी, आयकर आणि बँक यांच्या मेलांना इनबॉक्स टाळणारा फिल्टर कधीही लावू नका. जीएसटीची नोटीस ईमेलनं आली तरी ती कायद्यानं बजावलेलीच धरतात, आणि नोंदणी रद्द करण्याच्या नोटिशीला कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. स्पॅमचा फोल्डरही आठवड्यातून एकदा चाळा.

शेवटी मोबाइलवरची मेलची सूचना बंद करा आणि इनबॉक्स तीनदाच उघडा: आल्यावर, जेवणानंतर आणि निघायच्या अर्धा तास आधी. तातडीचं काही असेल तर थेट फोन करा, असं सगळ्या पार्ट्यांना सांगून ठेवा.