वायरिंग टेस्टिंगचं प्रॅक्टिकल: या चुका टाळा

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की मुलं मेगरच्या (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाच्या) जोडण्या घोकायला लागतात. एल (लाइन) टर्मिनल कुठे, ई (अर्थ) टर्मिनल कुठे, हँडल किती वेगाने फिरवायचं. हे यायलाच हवं. पण मार्क बहुतेक वेळा त्याच्या पुढच्या पायरीवर जातात. काटा शून्यावर पडतो किंवा अनंतावर जातो, परीक्षक विचारतात, "असं का आलं?" आणि तिथे हात थांबतात. काय रीडिंग यायला हवं हे आधीच सांगता आलं पाहिजे आणि तसं आलं नाही तर दोष शोधता आला पाहिजे. वायरमनच्या परवान्यासाठी बसणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

सप्लाय बंद आहे, हे सिद्ध करा

मेन स्विच बंद करून फ्यूज काढला की तो टेबलावर टाकू नका, खिशात ठेवा. मग तपासा. इथे लाइन टेस्टरवर विसंबणं ही मोठी चूक. रबरी मॅटवर उभे असाल तर टेस्टरचा निऑन लागलेला नीट दिसतही नाही आणि टेस्टर बिघडलेला असेल तर चालू फेजही बंद वाटते. टेस्ट लॅम्प घ्या, आधी चालू सॉकेटवर लावून बघा, मग जॉबवर (परीक्षेला दिलेल्या वायरिंगवर) फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांवर लावा आणि शेवटी परत चालू सॉकेटवर. दिवा मधल्या मधे उडाला नव्हता, हे त्यानेच कळतं. काही जण न्यूट्रल-अर्थ जोडी सोडून देतात. दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल चुकून इथे आला असेल तर धोका नेमका त्याच जोडीत असतो.

मेगरचीही हीच गत. लीड मोकळ्या ठेवून अनंत, एकमेकींना टेकवून शून्य. हे परीक्षकांसमोर करून दाखवा. हाताने फिरवायच्या मेगरचा वेग मिनिटाला साधारण 160 फेरे, आणि 230 व्होल्टच्या वायरिंगला 500 व्होल्ट डीसीचा मेगर.

बल्ब काढायचे की ठेवायचे?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोन टेस्टची तयारी एकमेकींच्या उलट असते.

दोन वायरींमधली टेस्ट, म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मधली, करताना सगळे बल्ब आणि उपकरणं काढायची आणि स्विच मात्र चालू ठेवायचे. बल्ब राहिला तर काय होतं ते बघा. 60 वॉटच्या फिलामेंट बल्बचा रोध पेटलेला असताना 880 ओहमच्या आसपास असतो, थंड असताना त्याहून खूपच कमी. मेगरची पट्टी मेगाओहमची, तिच्यावर हा आकडा म्हणजे शून्यच. वायरिंग उत्तम असूनही मुलगा "शॉर्ट आहे" लिहून मोकळा होतो. बल्ब सगळ्यांच्या लक्षात राहतात. स्विचबोर्डवरचा छोटा इंडिकेटर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडीचा ड्रायव्हर हे विसरले जातात. एका इंडिकेटरमुळेही रीडिंग एक मेगाओहमच्या खाली अडकू शकतं. शिवाय इलेक्ट्रॉनिक वस्तू 500 व्होल्टने खराब होऊ शकते, म्हणून ती आधीच वेगळी करा.

वायर आणि अर्थ यांच्यातल्या टेस्टला बल्ब जागेवर, स्विच चालू, फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून एल टर्मिनलला, आणि ई टर्मिनल अर्थला. इथे शून्य आलं तर घाईने वायर फाडू नका. आधी मेन बघा. मेनला सिंगल पोल एमसीबी (फक्त फेज तोडणारा आपोआप पडणारा स्विच) असेल तर न्यूट्रल सप्लायलाच जोडलेला राहतो आणि सप्लायचा न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थ केलेला असतो. मेगरला तो सरळ अर्थ दिसतो. न्यूट्रल लिंकमधून सोडवा आणि पुन्हा घ्या.

शून्य आलं, आता दोष कुठे?

समजा फेज-न्यूट्रलमध्ये सगळं काढूनही शून्यच. मेगर चालू ठेवून एकेक स्विच बंद करत जा. एखादा स्विच बंद करताच रीडिंग चढलं तर दोष त्या स्विचच्या पुढे, होल्डरमध्ये किंवा खाली उतरणाऱ्या वायरीत. होल्डर उघडला की बहुतेकदा वायरीचा एक सुटलेला तार दुसऱ्या पितळी टर्मिनलला टेकलेला दिसतो. सगळे स्विच बंद करूनही शून्य असेल तर दोष डीबी (डिस्ट्रिब्युशन बोर्ड) ते स्विचबोर्डच्या मधल्या वायरीत किंवा सॉकेटच्या मागे. हा क्रम परीक्षकांसमोर तोंडाने बोलत करा. दोष वेळेत सापडला नाही तरी विचार त्यांना दिसतो, आणि माझ्या मते या जॉबमध्ये त्यालाच खरी किंमत आहे.

उलट, अनंत आलं की मुलं खूश होतात. अनंत येण्याची दोन कारणं असतात: इन्सुलेशन उत्तम, किंवा सर्किट मेगरपर्यंत पोचलंच नाही. एमसीबी पडलेला, स्विच बंद, लीडची क्लिप पेंटवर. शहानिशा सोपी आहे. एका पॉइंटला फिलामेंटचा बल्ब लावा, काटा शून्यावर आला की सर्किट अखंड आहे. बल्ब काढा आणि मगच रीडिंग लिहा.

जिन्याच्या वायरिंगमध्ये एक खाच आहे. दोन्ही टू-वे स्विच एका स्थितीत असताना त्यांच्यामधल्या दोन वायरींपैकी एकच तपासली जाते. दोन्ही स्विच पलटून पुन्हा रीडिंग घ्या.

किती आलं पाहिजे? आपल्याकडे शिकवला जाणारा जुना नियम असा: 50 भागिले पॉइंटची संख्या, इतके मेगाओहम. दहा पॉइंटला 5. मात्र संपूर्ण वायरिंगला एक मेगाओहमपेक्षा जास्तीची सक्ती नाही. तोंडी परीक्षेत विचारतात की घर मोठं तर रीडिंग कमी का. प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध समांतर जोडला जातो म्हणून. 20 मेगाओहमची चार सर्किटं एकत्र मोजली तर 5 मेगाओहम दिसतील.

दिवा लागला म्हणजे पोलॅरिटी बरोबर नव्हे

स्विच न्यूट्रलमध्ये असला तरी दिवा लागतोच. फरक इतकाच की स्विच बंद केल्यावरही होल्डरवर फेज राहते आणि बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. स्विचमध्ये फेज आहे, चुडीच्या होल्डरमध्ये मधल्या संपर्काला फेज आहे आणि तीन पिनच्या सॉकेटमध्ये समोरून बघताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ आहे, हे प्रत्येक पॉइंटला तपासा. आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे त्याची यंत्रणा चालते एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल काहीच कळत नाही.

रीडिंग लिहिताना एकक विसरू नका. "2" हा आकडा अर्थसाठी ओहममध्ये आणि इन्सुलेशनसाठी मेगाओहममध्ये असतो. कुठल्या दोन टोकांमध्ये, कुठल्या मेगरने, हेही लिहा.

अर्थ टेस्टर

अर्थ टेस्टर जमिनीतल्या अर्थ इलेक्ट्रोडचा रोध मोजतो. तीन टर्मिनलच्या पद्धतीत इलेक्ट्रोडपासून एका सरळ रेषेत साधारण 25 आणि 50 मीटरवर खुंट्या ठोकतात. जागा कमी म्हणून खुंट्या जवळजवळ ठोकल्या की रीडिंगवर भरवसा ठेवता येत नाही. मधली खुंटी दोन-तीन मीटर पुढे-मागे करून आणखी दोन रीडिंग घ्या. तिन्ही जवळपास सारखी असतील तर सरासरी लिहा. काटा हलत राहिला तर खुंटीभोवती पाणी ओता. इलेक्ट्रोड मोजण्याआधी मुख्य अर्थ वायर सोडवावी लागते, आणि ती सप्लाय पूर्ण बंद असतानाच. मोजणी झाल्यावर वायर परत जोडा, नट आवळा, ओढून बघा, आणि मगच मेन चालू करण्याची परवानगी मागा.