खुराक गव्हाणीत, परिणाम डोंगरावर

उन्हाळा सरत आला की डोंगरावरचे गवत काडीसारखे होते आणि चरून आलेल्या जनावराचे पोटही खपाटीला गेलेले दिसते. मग पेंड, भरडा (भरडलेले धान्य), वैरण वरून द्यावीच लागते. पण खुराक दिला की कुरणावरचा ताण आपोआप हलका होतो, हे गृहीत धरू नका. तो हलका होईल की वाढेल, हे काय देता आणि कुठे देता यावर ठरते.

वाळक्या गवतात प्रथिने सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातल्या जिवाणूंचे काम मंदावते. गवत पचायला वेळ लागतो आणि जनावर कमी खाते. शेण टणक, थरावर थर रचल्यासारखे पडू लागले, तर तीच खूण समजा. अशा वेळी थोडी पेंड दिली की पचन सुधारते आणि जनावर तेच वाळके गवत जास्त खाऊ लागते. तब्येतीला हे चांगलेच, पण डोंगर लवकर उघडा पडतो. उताराच्या जमिनीवर पावसाआधी गवताचे ठोंब आणि पालापाचोळा शिल्लक राहायलाच हवा. नाहीतर पहिल्याच सरीत माती घळीत जाते. म्हणून पेंड सुरू केली की कुरणाकडे रोज नजर ठेवा. निम्मे गवत संपले की जनावरे तिथून हलवा.

भरड्याचे उलटे आहे. पोट धान्यानेच भरल्यावर गवताचे खाणे घटते. कुरण हिरवे असेल तर जास्तच घटते. कुरणाला विसावा द्यायचा असेल तर भरडा किंवा वैरण कामाची. मात्र भरडा एकदम वाढवू नका, पोट आंबते. दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवा. पेंड दिवसाआड दिली तरी चालते, भरडा मात्र रोज थोडा थोडाच. प्रथिनांची भर म्हणून चाटायला ठेवतात ती युरियाची चाटण लहान वासरांना आणि उपाशी जनावरांना देऊ नका.

आता जागा. रोज एकाच ठिकाणी खुराक टाकला की तिथली जमीन खुरांनी घट्ट होते. शेण-मूत साठून चांगले गवत मागे पडते आणि खताला हपापलेले तण माजते. बाहेरून आणलेल्या वैरणीतून तणाचे बीही येते, त्यामुळे वैरण डोंगरभर विखरू नका. ती गोठ्यात किंवा सपाट, टणक जागी द्या. पाणवठ्याजवळ तर मुळीच नको, तिथे गर्दी आधीच असते.

मिठाची वीट मात्र वेगळी. जिथे जनावरे फिरकत नाहीत, अशा गवताळ भागात पाण्यापासून चार-पाचशे मीटर लांब ठेवली की कळप तिकडे ओढला जातो आणि चराई पसरते. जागा आठवड्या-दोन आठवड्यांनी बदला. घसरत्या उतारावर ठेवू नका.

खरे नुकसान मात्र दिसायला वेळ लागतो. पूर्वी टंचाईत जनावरे कमी करावी लागत, डोंगराला तेवढी उसंत मिळे. खुराक विकत मिळू लागला की जास्त जनावरे टंचाईतून तगतात आणि हिरवे उगवताच सगळी एकदम कुरणावर उतरतात. आपल्याकडे खुराक किती, यावर जनावरांची संख्या ठरवणे मला चुकीचे वाटते. ती कुरणाच्या वाईट वर्षावर ठरवा.

म्हणूनच हातातली वैरण उन्हाळ्यातच संपवू नका. पहिल्या पावसानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक असतात. कोवळा कोंब मुळातल्या साठ्यावर वाढत असतो. तो तेव्हाच खुडला तर ठोंब वर्षभर अशक्त राहतो. ओल्या मातीत खुराचे खड्डेही खोल पडतात. या काळात जनावरे गोठ्यात बांधून वैरण द्या आणि गवत वीतभर वाढल्यावर सोडा. सुरुवातीला रोज थोडाच वेळ चरू द्या, बाकी पोट कोरड्या वैरणीने भरा, म्हणजे हगवण लागणार नाही.