डोंगरातल्या पर्माफ्रॉस्टच्या नोंदी घेताय? या चुका टाळा

नवीन मंडळींचा डेटा तपासायला येतो आणि दरवेळी त्याच त्या चुका, म्हणून आता लिहूनच टाकतोय. विषय नवा असेल त्यांच्यासाठी एवढंच, की सलग किमान २ वर्षं ० अंश सेल्सिअसला किंवा त्याखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट, मग तिच्यात बर्फ असो की नुसता कोरडा खडक. तिच्या वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात परत गोठतो, तो ॲक्टिव्ह लेयर. आपलं बरंचसं काम, म्हणजे जमिनीत सेन्सर बसवून तापमान मोजणं, याच थरात असतं.

शून्यावर थांबलेला सेन्सर खराब समजणं

ही चूक बघून माझा जीव खरंच तुटतो. शरद ऋतूत जमीन थंड होत होत शून्यावर येते आणि तिथेच थांबते, आठवडेच्या आठवडे, ओल भरपूर असेल आणि वर स्नो असेल तर काही महिने सुद्धा. याला झिरो कर्टन म्हणतात. कारण साधं आहे, १ किलो पाणी गोठताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे तेच पाणी ८० अंशांवरून शून्यावर आणायला जेवढी काढावी लागते जवळपास तेवढी. ती सगळी उष्णता वर निघून जाईपर्यंत तापमान खाली सरकतच नाही. वसंतात स्नो वितळून पाणी आत झिरपतं तेव्हाही तसंच, आलेख शून्याला चिकटून बसतो.

एका प्रोजेक्टचा डेटा माझ्याकडे आला होता. बारीक मातीचा ओला उतार, हिवाळ्यात भरपूर स्नो, आणि आलेखात काय तर प्लसमधून मायनसमध्ये सरळ उतरती रेघ, मध्ये कुठे थांबाच नाही! असं होऊच शकत नाही. विचारत विचारत गेलो तेव्हा कळलं, की डेटा साफ करणाऱ्या मुलाने स्क्रिप्ट लावली होती, रीडिंग २ दिवस हललं नाही तर सेन्सर अडकला असं धरायचं, ते आकडे उडवायचे आणि मधली जागा सरळ रेघेने भरायची. अख्खं झिरो कर्टन गेलं. गोठण्याची तारीख महिनाभराहून जास्त अलीकडे आली आणि त्यावरून ही जागा लवकर गोठते असा निष्कर्षही लिहून झाला होता. मूळ फाईल मागितली तर तिच्यावरच साफ केलेली फाईल सेव्ह केलेली, आणि लॉगरची, म्हणजे सेन्सरची रीडिंग साठवणाऱ्या डबीची, मेमरी डाउनलोड झाल्यावर पुसलेली, म्हणजे तो हिवाळा कायमचा गेला. मुलगा हुशार होता, कोड सुंदर लिहायचा, पण त्याने कच्चा आलेख एकदाही डोळ्यांनी बघितला नव्हता. कोणी त्याला बस आणि बघ असं सांगितलंही नव्हतं, हे मला जास्त लागतं.

माझी सवय सांगतो. डाउनलोड झाल्या झाल्या कच्च्या फाईलच्या दोन कॉपी वेगवेगळ्या ठिकाणी, आणि त्यांना हात लावायचा नाही. मग प्रत्येक सेन्सरचा अख्ख्या वर्षाचा आलेख स्वतः बघायचा, कितीही वेळ लागू दे. ऑटोमॅटिक फिल्टर लावायचाच असेल तर शून्याच्या आसपासचा पट्टा त्यातून वगळा. आणि झिरो कर्टन फुकटची तपासणी पण आहे, ओल्या जमिनीत सेन्सर तिथे आठवडाभर ०.३ दाखवत असेल तर जमीन नाही, सेन्सर ०.३ ने चुकतोय.

त्यावरूनच, बसवण्याआधी सगळे सेन्सर चुरलेला बर्फ आणि शुद्ध पाण्याच्या मिश्रणात एकत्र बुडवून प्रत्येकाची चूक लिहून ठेवा. ऑफिसमधल्या टेबलावर सगळे सारखे दाखवतात यावर भागवू नका.

ऑगस्टमध्ये मोजून मोकळं होणं

हवा छान असते, वाट मोकळी असते, म्हणून लोक ऑगस्टमध्ये वर जातात आणि तेव्हा जमीन जितकी खोल वितळलेली असते तेच या वर्षीचं वितळणं म्हणून लिहून टाकतात. अहो, वरची हवा थंड व्हायला लागली तरी आत शिरलेली उष्णता खाली जातच असते. आल्प्समध्ये बहुतेक ठिकाणी सर्वात जास्त खोली सप्टेंबर-ऑक्टोबरात गाठली जाते, खडकात त्याहूनही उशिरा, आणि १० मीटरवर तर उन्हाळा साधारण अर्ध्या वर्षाने पोचतो. शेवटची फेरी पहिल्या मोठ्या स्नोच्या तोंडावर करा, नाहीतर सरळ लॉगरवर विसंबा.

सळईचंही तेच. आर्क्टिकच्या बारीक मातीत सळई खुपसून वितळलेली खोली मोजतात, तिथे ते चालतं. डोंगरात धोंड्यांच्या उतारावर सळई अडकली म्हणजे गोठलेला थर लागला असं नाही, दगड लागला. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

हवेच्या तापमानावरून जमिनीचं ठरवणं

स्नो म्हणजे गोधडी, आणि ती कधी अंगावर पडली यावर सगळं आहे. लवकर आणि जाड पडला तर उन्हाळ्याची ऊब आतच राहते, कडक हिवाळ्यातही जमीन फारशी गोठत नाही. उशिरा पडला तर थंडी आधीच खोल गेलेली असते. स्नोच्या तळाचं तापमान मोजून अंदाज बांधायची जुनी पद्धत आहे, मायनस ३ च्या खाली असेल तर पर्माफ्रॉस्टची शक्यता जास्त, मायनस २ च्या वर असेल तर कमी. पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, वितळणं सुरू व्हायच्या आधी, आणि निदान ८० सेंटीमीटर स्नोखाली. डिसेंबरमध्ये पातळ थराखाली मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही.

बाकी थोडक्यात. एकाच सेन्सरवरून अख्ख्या उताराबद्दल बोलू नका, दहा पावलांवर धोंडे बदलले की तापमानही बदलतं. जमिनीत वीज सोडून मोजलेला रोध जास्त आला म्हणजे बर्फच असं नाही, दगडांमधली हवा सुद्धा तेच दाखवते, सोबत सिस्मिक, म्हणजे जमिनीतून कंपनं पाठवून मोजणी, करा. सेन्सर सोडलेल्या बोअरहोलचं झाकण घट्ट लावा, आत पाणी गेलं तर तुम्ही पाण्याचं तापमान मोजत बसाल.

आणि बोअरहोलमध्ये वेगवेगळ्या खोलीवर सोडायची सेन्सरची साखळी आखूड घेऊ नका. स्वित्झर्लंडच्या शिल्टहॉर्न डोंगरावर त्या काळात एरवी ५ मीटरच्या आसपास जाणारं वितळणं २००३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ९ मीटरपर्यंत गेलं. सेन्सर ६ मीटरला संपला असता तर कळलंच नसतं. तसंच ३ आणि ५ मीटरवर सेन्सर असताना रिपोर्टमध्ये खोली ३.८७ मीटर लिहू नका, वर-खालच्या सेन्सरची खोली पण शेजारी द्या. वसंतात एकदा हेही बघा, की थर खालपर्यंत पूर्ण गोठला होता का, की मध्ये कुठे न गोठलेला पट्टा राहिलाय.