कौलं बदलायची की अख्खं छप्पर उतरवायचं?

पाणी जिथे टपकतं, तिथेच वर भोक असेल असं नाही. ते वाशावरून खाली ओघळत येतं. भर दुपारी माळ्यावर जा, दिवा बंद करा. कुठून उजेड येतो ते बघा आणि वाशावरचा काळा ओघळ चढाच्या दिशेने शोधत जा.

फुटकं कौल काढताना वरची दोन कौलं लाकडी पाचरीने जरा उचला. फुटकं वर उचलून ओढा, नवं सरकवा आणि त्याची मागची खुंटी रिपेवर, म्हणजे वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीवर, अडकली की नाही ते हाताने चाचपा. नवं कौल त्याच साच्याचं हवं, नाहीतर खाचा जुळत नाहीत. तड्यावर सिमेंट थापू नका: उन्हाने कौल हलतं, सिमेंट सुटतं आणि त्या फटीत पाणी साचतं. आढ्याला, म्हणजे छपराच्या दोन्ही बाजू मिळतात त्या माथ्याला, सिमेंट, चुना, वाळू १:१:६ असा माल वापरा. नुसतं कडक सिमेंट तडकतं.

आता मोठा निर्णय. कौलावर बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर तडकलेलं किंवा भुसभुशीत. चारातलं एक असं निघालं तर ठिगळं पुरत नाहीत. वाशाची टोकं भिंतीत जिथे टेकतात तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसा, कुजण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते. तो सहज सेंटीमीटरभर आत गेला, किंवा आढं दोरी धरून पाहिल्यावर झुकलेलं दिसलं, तर कौलांना हात लावण्याआधी लाकूडकाम करा.